दारामागची एक वीत

बसा, बसून घ्या सगळे. मागे खुर्च्या पुरल्या नसतील तर पुढे सतरंजीवर या.

शैलावहिनी, नेहा, नागपूरहून आलेले पाहुणे आणि आपल्या मोहल्ल्यातले, पाऱ्यातले सगळे भैया-दीदी. तुम्ही कामधंदे सोडून मधुभाऊंसाठी इथे आले. मंडळाच्या या हॉलात इतकी माणसं मी गणपतीतही पाहिली नाहीत. भाऊ असते तर म्हणाले असते, वसंता, एवढी गर्दी भिंतीले टेकून बसली, जरा सरकून बसा म्हण त्यांले, पोपडे निघतील.

मले बोलता येत नाही. एरवी मी लय बोलतो, तुम्हाले ठाऊक आहे. चौबे कॉलोनीतून तात्यापाऱ्यात येईपर्यंत रिक्षावाल्याची चार पिढ्यांची चौकशी करून घेतो.  अध्यक्ष म्हणाले, वसंतभाऊ, तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळचे, शेवटी तुम्ही बोला. मी काल बसून दोन पानं लिहिली. ती या खिशात आहेत. ती मी वाचणार नाही. त्यात लिहिलेलं सगळं खरं आहे. पण एक गोष्ट त्यात लिहिलेली नाही, आणि तीच सांगाले मी उभा आहे.

आधी थोडं भाऊंबद्दल. ज्यांले माहीत नाही त्यांच्यासाठी.

मधुभाऊ शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळात इकडे रायपुरात आलं आणि इथलंच झालं. मी वर्ध्याकडचा, रेल्वेच्या बांधकाम खात्यात सुपरवायझर. माझा जन्म सिमेंटमध्ये गेला. रिटायर झालो त्याच महिन्यात भाऊ माझ्या घरी आले. ओळख फक्त मंडळातली. चहा पुढे ठेवला तर तो राहिला बाजूले, हे उठले आणि माझ्या नव्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक कराले लागले. म्हणाले, "वसंतराव, ही भिंत बोलत नाही. मुकी आहे बिचारी. चला माझ्यासोबत, बोलणारी दाखवतो."

तेव्हापासून मी त्यांच्यासोबत होतो. हिशेबाले बसलो तर आयुष्यातली माझी सगळ्यात चांगली वर्षं तीच निघतील.

काय करायचे भाऊ? जुनी घरं वाचवायचे. मोठे महाल नाही हो. तुमच्या-आमच्यासारख्यांची घरं. मातीच्या भिंती, सागाच्या म्याली-तुळया, वर कवेलूचं छप्पर, पुढे चार खांबांची परछी, ओसरी म्हणा. घराचे मालक फ्लॅट घेऊन तेलीबांध्याले निघाले की भाऊ त्यांच्या दारात जाऊन उभे राहायचे. हात जोडायचे. भांडायचे. "पाडू नका. मले एक पावसाळा द्या." लोक हसायचे. लग्नाच्या पंगतीत जेवायच्या आधी भिंत वाजवणारा हा एकच पाहुणा आख्ख्या रायपुरात. वहिनी तर म्हणायच्या, आमच्या घरी सवतच आली आहे, फक्त चुन्याची. हो ना वहिनी?

चुना भिजवाले टाकला की भाऊ हौदाजवळ कोणाले घाई करू द्यायचे नाहीत. एक थर दिला की थांबायचं. तो वाळला की दुसरा. मग पुन्हा थांबायचं. मी रेल्वेचा माणूस, मले वेळापत्रक पायजे. मी म्हणायचो, "भाऊ, काहून इतका टाइम लावून राहिले? सिमेंटचं एका दिवसात काम होते." ते म्हणायचे, "होते. आणि मग?"

बस. "आणि मग?" एवढंच.

आता त्यांची एक रीत सांगतो. ती नीट ऐका.

भाऊ प्रत्येक घरात, एका दाराच्या मागे, एक वीतभर जागा उघडी सोडायचे. चौकोनी. तिच्यावर गिलावा नाही, रंग नाही. आतली माती, वीट, जे असेल ते दिसू द्यायचं. लोकांले ते दाग वाटायचं. भाऊ म्हणायचे, "आपण आज आहो, उद्या नाही. पुढचा मिस्त्री येईल त्याले कोण सांगन की आत काय आहे? त्यानं इथे हात ठेवावा. ओली लागली तर आधी ओल शोधावी. सुकी लागली तर बेधडक काम करावं." स्वतः भाऊ कोणत्याही जुन्या कामावर परत गेले की पहिले दारामागे जायचे. पंजा त्या वितीवर ठेवायचे, डोळे मिटायचे. मग शिडी. आधी वीत, मग शिडी. हा नियम मोडलेला मी कधी पाहिला नाही. एकदाच पाहिला.

आज बारावा दिवस. याच पाऱ्यातल्या प्रकाश भैयाच्या घराची मागची भिंत बसली आणि भाऊ तिच्याखाली गेले. सकाळची वेळ होती. मी अंगणात दोरी शोधून राहिलो होतो. आवाज मोठा झालाच नाही. ओली पोती कोणी खाली टाकावी तसा झाला. मी वळलो तर खोलीच्या जागी उजेड.

घाटावर मी माझ्या कानानं ऐकलं, कोणीतरी म्हणालं, "जिन पुराने घरों के पीछे पागल थे, उन्हीं ने खा लिया." मी मान हलवली. हो म्हणालो. त्याच गल्लीतल्या तीन घरवाल्यांनी, ज्यांच्या घरांसाठी भाऊ इतके झिजले, ठरवून टाकलं की सोमवारी बिल्डरले सही देऊन टाकू. त्यांचं काय चुकलं? ज्याले भिंतीची भाषा येत होती त्याचाच जीव भिंतीनं घेतला, मग आमचं काय, असं ते म्हणतात. आणि पाऱ्यात दुसरी गोष्ट सुरू आहे. बिसाहूनं काम कच्चं केलं. बिसाहू मिस्त्रीनं. ज्यानं भाऊंसोबत प्रत्येक घराले हात लावला, त्याले दोन वेळा ठाण्यात बोलावलं. त्याचं ठरलेलं काम लोकांनी काढून घेतलं. तो तिकडे दाराजवळ चपलांपाशी बसून आहे. आज त्याले कोणी खुर्ची दिली नाही, मी सकाळपासून पाहून राहिलो.

आणि नेहा. ही पोट्टी माझ्या खांद्यावर खेळली आहे. हिले मराठी सगळं समजते, बोलते हिंदीत. पाचव्या दिवशी हिनं मले विचारलं, "काका, पापा तो हर दीवार देखकर ही हाथ लगाते थे. उस दिन कैसे नहीं देखा?"

मी काय म्हणालो? म्हणालो, "बेटा, होनी को कौन टाल सकता है."

नेहा, ते खोटं होतं. होनी-बिनी काही नव्हती. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज देतो. तुझ्यासमोर, तुझ्या आईसमोर, सगळ्यांसमोर.

दोन पावसाळ्यांआधी प्रकाश भैयाच्या मुलीचा साखरपुडा घरातच करायचा ठरला. मागच्या खोलीचं काम अर्धं झालं होतं. बिसाहूनं चुन्याचा पहिला थर दिला होता, दोन बाकी. हातात आठ दिवस, आणि हवा ओली. भाऊ तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरले गेले होते. मी फोन केला. ते म्हणाले, "थांबा म्हण त्यांले. चुना कोणाच्या मुहूर्तानं वाळत नाही. नाही तर मंडळाचा हॉल घ्या म्हण." मी म्हणालो, "हो भाऊ, सांगतो."

मी नाही सांगितलं.

प्रकाश भैयाचा दोष नाही. त्यांनी फक्त विचारलं, "वसंतभाऊ, हो जाएगा न?" घरात मांडववाले येऊन गेलेले, पोरीची आई रोज येऊन भिंत पाहायची. आणि मले मोठेपणा आला. इतकी वर्षं मी भाऊंच्या मागे मागे फिरलो. पहिल्यांदा लोक माझ्याकडे पाहून राहिले होते. उतावळा नवरा गुडघ्याले बाशिंग म्हणतात ना, तसं. म्हटलं, सिमेंट माझा विषय आहे. दोन दिवसांत करून देतो.

बिसाहूनं मले अडवलं. माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "एमा सीमेंट झन लगा भैया. भिथिया के दम घुट जाही." यात सिमेंट लावू नको, भिंतीचा दम घुटेल. मी त्याले म्हणालो, तू मले शिकवतो? मी पूल बांधले आहेत. त्यानं थापी धुतली, पिशवीत टाकली आणि निघून गेला. मी चावडीवर गेलो, तिथे उभे असलेल्या मजुरांतून दोन मिस्त्री आणले आणि मातीच्या भिंतीवर सिमेंट चढवलं. वरून चुन्यासारखा रंग मारला. कोणाले कळलं नाही.

ज्यांले माहीत नाही त्यांले सांगतो. मातीची भिंत पाणी पिते आणि सोडते. चुना तिले सोडू देते. सिमेंट तिचं तोंड बांधून टाकते. जमिनीतून ओल चढत राहते, बाहेर पडाले रस्ता नाही. वरून भिंत नव्या नवरीसारखी, आत चिखल. हे मले माहीत नव्हतं का? माहीत होतं, बाप्पा. भाऊंनी शंभरदा सांगितलं होतं. मले वाटलं, एका भिंतीनं काय होते.

आणि ती वीत. दारामागची. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी घरातलं कोणीतरी म्हणालं, ये चौकोर फोटो में आएगा. मी मिस्त्रीले म्हणालो, मार दे यावर पण. त्यानं मारलं. त्यासमोर कपड्यांची मोठी अलमारी उभी केली. साखरपुडा झाला. मी पंगतीत बसून जिलबी खाल्ली. लोक म्हणाले, वसंतभाऊ, कमाल केली. मले बरं वाटलं.

प्रकाश भैया, बसा. बसा तुम्ही. मी म्हटलं ना तुमचा दोष नाही. मले पूर्ण बोलू द्या, आज नाही बोललो तर मग कधीच नाही बोलणार.

भाऊ परत आले. डोळ्यावर हिरवी पट्टी. मी त्यांले सांगितलं, चुन्याचे तिन्ही थर झाले. बिसाहूनं मले एकीकडे नेऊन म्हटलं, "तैं बता दे भैया. मैं नई बतावँव." तू सांग, मी सांगणार नाही. त्याले वाटलं, चूक माझी आहे तर सांगायचा मानही माझा. दोन पावसाळे तो वाट पाहत राहिला. दर भेटीत माझ्याकडे पाहायचा. मी बिडी मागायचो आणि विषय बदलायचो.

यंदा लय पाऊस झाला. प्रकाश भैयाचा फोन आला, छत टपकत आहे. आम्ही दोघं गेलो. बिसाहू दुसरीकडे कामावर होता. भाऊ खोलीत शिरले, भिंतीवर पेरानं टकटक केलं. थांबले. पुन्हा केलं. म्हणाले, "लय टणक वाजून राहिली रे वसंता. काहून?"

लोकहो, तेव्हा वेळ होती. एक वाक्य बोलायचं होतं. भाऊ, यात सिमेंट आहे. त्यांनी मले शिव्या घातल्या असत्या. महिनाभर बोलले नसते. मग एक दिवस आले असते चहाले. एवढंच झालं असतं. एवढंच.

मी म्हणालो, "बिसाहूचा हात भारी आहे ना भाऊ."

त्याच्यावर ढकललं मी. तेव्हाही.

मग त्यांनी विचारलं, "वीत कुठे आहे?" मी म्हणालो, "अलमारीमागे. हलवाले चार माणसं लागतील. मी परवा हात घालून पाहिली. सुकी आहे." परवा मी त्या घरात गेलोच नव्हतो. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं गुडघ्याचं दुखणं होतं, वरून पाणी गळत होतं. आणि म्हणाले, "तू पाहिली ना? मग झालं."

ते त्यांचे मले उद्देशून शेवटचे शब्द. तू पाहिली ना, मग झालं.

त्यांनी त्या भिंतीले शिडी लावली. मी दोरी आणाले अंगणात गेलो. पुढचं तुम्हाले माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो. मलबा पाहिला. माती हातात घेतली, ती काल्याच्या दह्यासारखी बोटांतून गळाली. आणि सिमेंटचा पापुद्रा, माझा पापुद्रा, मोठमोठ्या तुकड्यांत तसाच पडलेला. त्याले काही झालं नव्हतं. एका तुकड्यावर ती चौकोनी जागा अजून ओळखू येत होती.

तर नेहा, तुझ्या वडिलांची चूक नव्हती. त्यांनी विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. जुन्या घरानं त्यांले नाही खाल्लं. ते घर प्रकाश भैयाच्या आजोबांच्या आधीपासून उभं होतं, आणि मी हात लावल्यावर दोन पावसाळे टिकलं. आणि बिसाहूचा काही संबंध नाही. चोर सोडून संन्याशाले फाशी देऊन राहिलो आपण. चोर हा इथे माइकसमोर उभा आहे.

वहिनी, तुम्ही मान खाली घालू नका. मान खाली घालायची ती मी. तुम्ही बारा दिवस मले जेवाले वाढलं. वसंतभाऊ, तुम्हीही खचले, दोन घास खा, म्हणाल्या. मी खाल्ले. ते घास अजून इथे, छातीत आहेत. मी माफी मागत नाही. मागाले तोंड नाही. तुम्ही पुन्हा माझं तोंड पाहिलं नाही तरी ते बरोबरच राहील.

मी हे लपवून ठेवलं असतं. खरं सांगतो. काल रात्रीपर्यंत माझा विचार तोच होता, म्हणून तर दोन पानं लिहिली. काय वाचणार होतो मी त्यात? की भाऊ महान होते. की आपण त्यांचं कार्य पुढे नेलं पायजे. आणि सोमवारी त्या गल्लीतली तीन घरं गेली असती, माझ्या खोट्यापायी. तुम्ही म्हणाले असते, मधुभाऊंचं शास्त्र त्यांच्याच कामी आलं नाही. त्या माणसाचं आयुष्यभराचं काम मी आत्ता या पाच मिनिटांत दुसऱ्यांदा पाडलं असतं.

त्या तीन घरवाल्यांले, तुम्ही इथेच बसले आहात, माझी विनंती आहे. विनंती नाही, पाय धरतो. सही करायची असेल तर करा, घर तुमचं आहे. पण आधी घरी जा. आपापल्या दारामागे जा. भाऊंनी सोडलेली वीत तिथे आहे. तिच्यावर हात ठेवा. ओली लागली तर सोमवारी खुशाल सही करा. सुकी लागली तर... मग तुमचं तुम्ही ठरवा. मले सांगाले तोंड नाही.

मले ठाण्यात जायचं आहे. जे इथे बोललो ते तिथे लिहून देतो. ते काय करतील ते करतील. पण बिसाहूले तिसऱ्यांदा बोलावणं यायले नको.

आता आपण दोन मिनिटं मौन पाळू. अध्यक्ष सांगतील, पण त्याआधी एक काम.

बिसाहू. उठ. इकडे ये, भैया. फोटोजवळची ही खुर्ची सकाळपासून माझ्यासाठी ठेवली आहे, मधुभाऊंच्या सगळ्यात जवळच्या माणसाची म्हणून. ये. लाजू नको. कोणीतरी त्याले वाट द्या. नेहा बेटा, तू आण त्याले हाताले धरून.

हव. बस इथे.

मी त्याच्या जागेवर जातो. तिथे चपलांपाशी, या हॉलाच्या दारामागेही भाऊंनी एक वीत सोडली आहे. तुम्ही रोज येता-जाता, कोणी पाहिली नसेल. हा हॉल आम्ही तिघांनी मिळून केला होता. तिच्यावर हात ठेवून मी उभा राहतो.

भाऊ, तुम्ही विचारलं होतं, वीत कुठे आहे. झाकली होती, भाऊ. मी झाकली होती.

नमस्कार.

उभे राहा सगळे. दोन मिनिटं कोणी बोलू नका.